बेलडोहची आत गेलेली गाडी

बेलडोहला जाणाऱ्याने वैशाखात जाऊ नये. मी वैशाखातच गेलो, कारण तिथल्या बंद खाणीतले पाणी त्याच महिन्यात उतरते आणि मला खाण पाहायची होती.

मी रेल्वेत स्टेशन मास्तर होतो. सगळी नोकरी नॅरो गेजवरच्या लहान स्टेशनांत झाली. त्यांतली बहुतेक स्टेशने आता नाहीत. निवृत्तीनंतर विदर्भातल्या बुजलेल्या छोट्या लाइनी हिंडून पाहण्याचा नाद लागला; त्यांत बेलडोहची लाइन सर्वांत अल्पायुषी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मँगनीजला भाव आला, तेव्हा एका खाणमालकाने खाणीपासून मोठ्या मार्गावरच्या स्टेशनापर्यंत ती स्वखर्चाने टाकली. एक इंजिन, मालाच्या थोड्या वाघिणी आणि सर्वांत मागे ब्रेकचा डबा. दहा वर्षेही ती धड चालली नाही. याहून अधिक काही नागपुरात बसून कळण्यासारखे नव्हते.

माझ्या शेवटच्या स्टेशनावर शामराव नावाचा पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा, होता. कामात चोख, बोलण्यात सैल. त्याची मुलगी वंदना बेलडोहला दिलेली. तो म्हणाला, "मास्तर, चला न. लेकीकडं उतरू. गाडीचं सारं सांगनारा म्हातारा हाये तिथं." मी होकार दिला. मला नेण्यात त्याचा आणखी एक हेतू होता. तो त्याने तिथे पोहोचेपर्यंत सांगितला नाही.

सीताबर्डी, सावनेर आणि पुढे

सकाळी सीताबर्डीला भेटलो. डोक्यावरून मेट्रो गेली. शामरावाने मान वर करून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

"हिले पॉइंट्समन लागत नाई, मास्तर. आन मास्तर बी लागत नाई."

आम्ही बस धरली. सावनेरला उतरून तर्री-पोहे खाल्ले. तर्री जहाल होती. शामराव डोळे पुसत पुन्हा मागत होता. तेथून पुढे बस नाही; काळी-पिवळी जीप धरावी लागते. नागपूरहून काटोलकडे जाताना संत्र्याच्या बागा लागतात, डोळ्यांना बरे वाटते. इकडे सावनेर मागे पडले की काही अंतराने मातीचा रंग उतरू लागतो. आधी ती तांबूस, मग राखी आणि शेवटी काजळी सांडल्यासारखी. रस्त्याकडेच्या पळसाची पानेही काळवंडलेली. खाण बंद होऊन एवढी वर्षे झाली, तरी हा काळा भुगा कोठून येतो, असे मी शामरावाला विचारले. तो म्हणाला, "येतो."

गाव दिसू लागले आणि जीप थांबली. समोर काही नव्हते. रस्ता एका उंचवट्यावरून पलीकडे उतरत होता, एवढेच. चालवणाऱ्याने भोंगा वाजवला. मागे लोंबकळणारा एक इसम उतरून उंचवट्यापाशी गेला, त्याने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले आणि हात हलवला. मग जीप निघाली.

"हे काय?" मी विचारले.

"लाइन हाये," चालवणारा म्हणाला.

"रूळ कोठे आहेत?"

"रूळ नाई. लाइन हाये."

जीपमध्ये कोणी हसले नाही. ओलांडताना शेजारच्या बाईने मांडीवरची पिशवी छातीशी धरली होती, हे मी पाहिले.

बेलडोह

वंदनाने पन्हे दिले. पस्तिशीची, उंच, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणारी बाई. नवरा कळमेश्वरच्या एका कारखान्यात आहे, रविवारी येतो. घर मागच्या पावसाळ्यात पडले. तेव्हापासून ती आणि तिची सासू गावच्या जुन्या शाळेच्या खोलीत राहतात. शाळा नव्या इमारतीत गेली आहे. जुन्या शाळेच्या पडवीत घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा तेवढा राहिला आहे.

उन्हे उतरल्यावर मी लाइन पाहायला निघालो. ती गावाच्या मधोमध जाते. दोन बैलगाड्या जेमतेम मावतील एवढी रुंद मोकळी पट्टी, एका बाजूला हलकासा भराव. तिच्यावर घर नाही, गोठा नाही, उकिरडा नाही, वाळत घातलेली मिरची नाही. गावाबाहेर दोन्ही बाजूंच्या शेतांत नांगराच्या रेघा पट्टीपर्यंत येतात आणि थांबतात. वळण मात्र इंजिनियरने आखले होते तसेच राहिले आहे. असे वळण शेतकऱ्याच्या बांधाला कधी नसते. आमच्या नागपुरात मोकळी जागा दिसली की तेथे महिनाभरात टपरी उभी राहते. येथे विदर्भातली उत्तम जागा पिढ्यान्‌पिढ्या रिकामी ठेवलेली मी पाहिली.

लाइनीकडे तोंड असलेल्या घरांच्या खिडक्या एकामागून एक बंद होत होत्या. बायका वाळत घातलेले कपडे आत नेत होत्या. चरून आलेला कळप पट्टीपाशी आला आणि आपण होऊन उभा राहिला. गुराखी मागे बराच लांब होता. गुरे उभी होती. शेपटीसुद्धा हलत नव्हती. मग सगळी एकदम ओलांडून गेली.

मी शाळेत परतलो तेव्हा पडवीत एक बारीक आवाज येत होता, कान दिल्याशिवाय कळू नये असा. वंदना स्वयंपाकातून उठून आली. तिने टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर पालथा हात ठेवला, रडणाऱ्या मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा. आवाज थांबला. ती परत चुलीपाशी गेली.

जेवायला बेसनाचे चून, भाकरी आणि कैरीचा ठेचा होता. जेवण चांगले होते. हात धुतल्यावर शामराव खाकरला.

"मास्तर, एक काम होतं."

"कोणते?"

त्याने मुलीकडे पाहिले. बोलली तीच.

"काकाजी, मले घरकुल मंजूर झालं. गावठानात जागा नाई. एका अंगाले जंगल, एका अंगाले लोकाईचे वावरं. पंचायतीनं लाइनीवरची जागा देली. कागद पक्का हाये. पन गाव खंदू देत नाई. मिस्तरी येत नाई. पावसाच्या आंधी पायव्याचा फोटो नाई गेला तर मंजुरी रद्द होते. मंग मी आन माही सासू या शाळेतच मरू."

"गाव का अडवते?"

"गाडी आत हाये म्हनतेत. ते येईलोक लाइन मोकळी ठेवा लागते."

"तू खणून पाहिले नाहीस?"

"सोता खंदलं. गुडघाभर. सकाळी जाऊन पायतो त खड्डा नाई. भरला नवता, काकाजी. दाबून, बसवून, जसा होता तसा. वरतं गवत बी होतं."

मी शामरावाकडे वळलो. "यात माझा काय संबंध?"

"ते म्हातारे नथ्थूजी म्हनते, रेल्वेच्या मानसानं लाइन बंद केली तर मी हात आडवा घालनार नाई. तुमी रेल्वेचे मास्तर. म्हना का लाइन क्लिअर हाये. झालं."

"मी निवृत्त आहे. ही लाइन आमची नव्हती. आणि तू मला हे नागपुरात सांगायला हवे होतेस."

"सांगतलं असतं तर तुमी आले असते का?"

"नाही."

"म्हनूनच."

वंदना म्हणाली, "सही कोन मांगून रायलं, काकाजी? नुस्तं तोंडानं म्हना."

"गाडी आलेली पाहिल्याशिवाय मी लाइन क्लिअर कधी म्हटले नाही."

"मंग पाहून या," ती म्हणाली आणि भांडी घेऊन बाहेर गेली.

नथ्थूजींचे घर

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नथ्थूजींकडे गेलो. पट्टी जिथे रस्ता ओलांडते तिथेच, गेटाच्या जागी त्यांचे घर आहे. त्यांचे वडील या लाइनीचे गेटवाले होते. नथ्थूजी माझ्याहून मोठे, अंगाने वाळलेले. बायको गेली, मूलबाळ नाही. रोज संध्याकाळी ते दाराबाहेर येऊन पट्टीकडे तोंड करून उभे राहतात आणि काही वेळाने आत जातात.

शामराव गावाचा व्याही; त्याला पाहून ते म्हणाले, "ये गा ईवाई. लेक देली आमच्या गावाले, आता लाइन बी मांगतं का?"

"लेकीपुरती मांगतो," शामराव म्हणाला.

घरात अंधार होता. आढ्याच्या जागी रूळ होता. दाराशेजारी भिंतीत एक लोखंडी खुंटी होती. घरातले सगळे सामान, कंदील, टोपी, पिशव्या, दोरीवर किंवा जमिनीवर होते. खुंटीला काही टांगलेले नव्हते.

नथ्थूजींनी सांगितले ते मी माझ्या भाषेत देतो. लाइन एकेरी, इंजिन एकच. खाणीकडे जाताना ड्रायव्हर गेटवाल्याकडून पितळी कडी बसवलेली सागवानी काठी घेई आणि परत आल्यावर देई. काठी खुंटीवर असली की लाइन मोकळी. लोकांनी जावे, गुरे न्यावीत. खुंटी रिकामी असली की गाडी आत आहे. माझ्या सुरुवातीच्या नोकरीत अशा लाइनी होत्या. नियम उत्तम आहे. त्यात चूक होण्यास जागा नाही.

"भादव्याचा पाऊस होता," नथ्थूजी म्हणाले. "खानीत पानी भरून रायलं होतं. वरचा माल रायला म्हनून मालकाच्या मानसानं गाडी धाडली. माह्या बापानं काठी देली. मी मांगं उभा होतो. गाडी गेली. काठी आली नाई."

"दरड?"

"दरडच. गाडी, तिघं मानसं, समदं पान्यात. मालकानं खान सोडली, गेला. मंग रूळ उचलाले ठेकेदार आला. तो इकडूनच लागला, गावाकडून."

येथे वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. लाइन उचलायची असते तेव्हा काम दूरच्या टोकापासून सुरू करतात आणि स्टेशनाकडे येत जातात. उचललेले रूळ नेणारी गाडी उरलेल्या लाइनीवर उभी असते, म्हणून. त्या ठेकेदाराला गाडीरस्ता गावाजवळ सोयीचा होता. त्याने जवळच्या टोकाला हात घातला आणि खाणीकडे सरकत गेला. आत गेलेल्या गाडीचा परतीचा मार्ग अशा रीतीने तिच्यासमोरून काढून घेतला गेला. रेल्वेच्या माणसाने हे केले नसते.

"बाप त्याले म्हने, गाडी आत हाये, तू वाट काहून तोडतं? तो हासला. रूळ स्वस्तात इकले त्यानं, गावानं घेतले. आढे केले, चौकटी केल्या. हा पाहा, माह्या डोक्यावर बी हाये." त्यांनी वर बोट केले. "आमी तिची वाट आपापल्या घरात भरली, मास्तर. आता लाइनीवर घर बी बांधाचं म्हनता."

"त्या बाईने खणलेला खड्डा तुम्ही बुजवलात काय?"

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटे आखडून तळव्यांत वळलेली होती. "या हातानं भाकर मोडत नाई."

मी उठलो. ते म्हणाले, "मी हाओ तोवर पायतो. माह्या मांगं संध्याकाळी कोन उभं राहीन? म्हनून म्हनतो, बंद करा. पन नियमानं करा. खोटं बोलून नका करू. त्या पोरीलेच त्या घरात रायचं हाये."

ही अट मला योग्य वाटली.

खाण

खाण गावापासून तासाभराच्या वाटेवर आहे. लाइनीवरून कोणी चालत नाही, म्हणून आम्ही शेजारच्या पायवाटेने गेलो. सागाला पान नव्हते. पक्षी गावाजवळ होते, पुढे नव्हते. मोहाची काही झाडे लागली. खाली फुलांचे अवशेष कुजत पडले होते आणि ते वेचायला कोणी आलेले नव्हते. हे या भागात मी प्रथमच पाहिले.

शेवटच्या टप्प्यात लाइन दोन कातळांमधल्या खोल वाटेत शिरते. ठेकेदाराचे काम येथेच संपले होते. त्याची माणसे याच्या पुढे गेली नाहीत असे नथ्थूजींनी सांगितले होते. तेथून पुढे रूळ जागेवर आहेत. लाकडी स्लीपर मातीत मिसळले, पण रूळ सरळ आहेत. ते उतारावरून खाली जातात आणि खाणीच्या पाण्यात शिरतात. पाणी हिरवट काळे. वारा असून त्यावर तरंग नव्हता. पाणी उतरल्याची रेघ कातळावर उंच दिसत होती. एवढे उतरूनही इंजिनाचे धुराडे कोठे दिसले नाही. शामरावाने खडा उचलला. मी त्याला टाकू दिला नाही.

मी रुळापाशी वाकलो.

चालत्या लाइनीचा रूळ माथ्यावर पांढरा असतो. चाके त्याला घासतात, म्हणून. चार दिवस गाडी गेली नाही की त्यावर तांबडा गंज धरतो. पावसात तर एका रात्रीत धरतो. हे शिकवावे लागत नाही, पोर्टरलाही ठाऊक असते. बेलडोहच्या खाणीतले दोन्ही रूळ बाजूंनी गंजून पापुद्रे सुटलेले होते. माथे पांढरे होते. मी बोट फिरवले. बोटाला गंज लागला नाही. किंचित तेल लागले.

मी शामरावाकडे पाहिले. त्यानेही वाकून पाहिले होते. 

याची कारणे मी नंतर पुष्कळ शोधली. शेळ्या, वाळू, पाण्याची चढउतार. कोणतेही मला पटले नाही. वाचकांना पटेल ते त्यांनी घ्यावे. मला त्या क्षणी एवढेच ठरवायचे होते की लाइन मोकळी आहे की नाही. आणि ती मोकळी नव्हती.

"आता?" शामरावाने विचारले.

"काठी पाण्यात आहे. काठी हरवली तर नियम काय?"

तो रेल्वेचा माणूस होता. त्याला आठवायला वेळ लागला नाही. "पायलट."

काठी हरवली की एक जबाबदार माणूस नेमतात. त्याच्या दंडाला लाल पट्टी बांधतात. तो गाडीसोबत असतो आणि तोच काठी समजला जातो. तो गेटात पोहोचला, गाडी पूर्ण आलेली दिसली, की लाइन मोकळी.

"पन कोन, मास्तर?"

"दुसरा कोण आहे?"

त्याने पाण्याकडे पाठ केली. मग म्हणाला, "मी लेकीसाठी तुमाले आनलं. यासाठी नाई आनलं. चला नागपूरले."

"शामराव, तुझ्या मुलीला घर हवे आहे ना?"

"हवं."

"मग नथ्थूजींना जाऊन सांग. गेटात उभे राहा म्हणावे. गुरे अडवा म्हणावे. गाडी मागच्या डब्यासकट पूर्ण आली का, हे त्यांनी विचारायचे आहे, मी सांगायचे आहे."

दुपारी गावात सगळ्यांना कळले. वंदनाने जुन्या लाल लुगड्याची पट्टी फाडून माझ्या दंडाला बांधली. 

"काकाजी, नका जाऊ. मी शाळेत राहीन."

"पाहून या असे तूच म्हणालीस."

"म्या रागानं म्हटलं."

"तरी बरोबर म्हटलेस," मी म्हणालो.

लाइनीवरून

उन्हे कलल्यावर मी पुन्हा खाणीवर गेलो. शामराव खोल वाटेच्या तोंडापर्यंत आला. तेथून तो शेतातून, लाइनीपासून बरेच अंतर राखून, माझ्याबरोबर चालणार होता. पाण्याच्या कडेला मी एकटा उभा राहिलो. सांगण्यासारखे काही घडले नाही. पाणी स्थिर होते. मी गावाकडे तोंड केले, हिरवा कंदील दाखवताना उचलतात तसा हात उचलला, "चला" म्हणालो आणि चालू लागलो.

पायलटने मागे पाहत चालायचे नसते. त्याचे काम पुढचा मार्ग पाहण्याचे. मी पुढे पाहिले.

खोल वाटेत गारवा होता. माझ्या पावलांचा आवाज दोन्ही कातळांवरून परत येत होता. तो माझ्या पावलांपेक्षा जड होता. प्रतिध्वनी तसा असू शकतो. वाट संपली, उघड्यावर आलो, कातळ मागे राहिले. आवाज थांबला, असे मला लिहिता येत नाही.

गाव पश्चिमेला आहे. सूर्य माझ्या समोर होता. ऊब पाठीला लागत होती.

मोठ्या वळणावर मला वास आला. दगडी कोळसा, वाफ आणि तापलेले तेल. हा वास मी कितीतरी वर्षांत घेतला नव्हता. तरुणपणी तो कपड्यांतून जात नसे आणि आई त्यावरून बोलत असे. मी वेग थोडा कमी केला. वळणावर तो कमी करायचा असतो.

वळण संपले की शेतवाटा लाइनीला येऊन मिळतात. प्रत्येक वाटेवर माणसे आणि गुरे थांबलेली होती.  मी अजून लांब होतो तेव्हापासून ती पाहत होती. पण त्यांची नजर माझ्यावर नव्हती. ती माझ्या डोक्याच्या वर आणि किंचित मागे होती. मी जवळून गेलो, पुढे गेलो, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसले की माणसांच्या माना माझ्याबरोबर वळल्या नाहीत. त्या नंतर वळल्या, सावकाश, एका लांब वस्तूच्या मागोमाग वळतात तशा. बैलांच्याही.

शामराव शेतातून चालत होता. कोणत्या तरी वाटेपाशी त्याने चालणे थांबवले आणि टोपी काढली.

गावात सर्व खिडक्या बंद होत्या. घराघरांतून तो बारीक आवाज येत होता, आढ्यांमधून, चौकटींमधून. शाळेच्या पडवीतून तोच. माझे वय झाले आहे, कानांवर विसंबत नाही. परंतु घरांच्या कौलांवरचा काळा भुगा धारेने खाली येत होता, आणि ते मी डोळ्यांनी पाहिले.

गेटाच्या जागी नथ्थूजी उभे होते. अंगात कोठून तरी काढलेला जुना खाकी कोट. वाकलेल्या बोटांत हिरव्या कापडाचा तुकडा. मागे वंदना फावडे घेऊन, आणि तिच्या मागे गाव.

मी गेट ओलांडून, गाडीची लांबी सोडून, पुढे जाऊन थांबलो. मग परत त्यांच्यासमोर आलो. त्यांनी माझ्याकडे पाहिले. डोळे ओले होते. आवाज गेटवाल्याचा होता.

"मास्तर, गाडी पुरी आली का?"

मी वळलो आणि लाइनीच्या टोकापर्यंत पाहिले. मग म्हणालो, "पूर्ण आली. लाइन क्लिअर."

मी दंडाची पट्टी सोडून त्यांना दिली. ते घरात गेले. आम्ही दारातून पाहिले. त्यांनी ती खुंटीला टांगली, टांगली की नाही हे दोनदा चाचपून पाहिले आणि भिंतीला टेकून खाली बसले.

पहिल्यांदा एक शेळी लाइनीवर चढली आणि तेथेच पाला खात उभी राहिली. तिला कोणी हुसकले नाही. मग वंदनाने नेमून दिलेल्या जागेवर जाऊन फावडे मारले. थोड्या वेळाने आणखी काही जण उतरले. शामराव उशिरा पोहोचला.  त्याने मुलीच्या हातून फावडे घेतले.

अंधार पडायच्या सुमारास वंदना सवयीने पडवीत आली, तिने टांगलेल्या तुकड्यावर हात ठेवला, आणि तो वाजत नाही हे कळताच काढून घेतला.

नागपूर

सकाळी आम्ही पाहायला गेलो. खड्डा खड्डाच होता. मिस्तरी येऊन बसला होता आणि त्याला चहा हवा होता. परतीच्या जीपवाल्याने उंचवट्याशी ब्रेक लावला, आम्हांला पाहिले आणि कोणाला न उतरवता पुढे गेला. आता बेलडोहला पायवा भरला आहे, फोटो गेला आहे, भिंती चढत आहेत. नथ्थूजी संध्याकाळी दारात येत नाहीत. दुपारी शेजाऱ्यांकडे पत्ते खेळायला जातात आणि हरले की भांडतात, असे वंदनाने फोनवर सांगितले.

वळून पाहिले तेव्हा तुम्हांला काय दिसले, हे मला शामरावाने विचारलेले नाही. घरच्यांनी विचारले आहे, आणि हे वाचणारेही विचारतील. याचे उत्तर मी नियमापुरते देतो. गाडी पूर्ण आली हे तिच्या मागच्या डब्याच्या लाल दिव्यावरून ठरते. संपूर्ण नोकरीत तो दिवा स्वतः पाहिल्याशिवाय मी 'पूर्ण आली' असे कधी म्हटले नाही. बेलडोहलाही तो पाहिल्याशिवाय म्हटले नाही.